विजेचें कपाट व कारागिरांचा दुष्काळ

उंच इमारतीच्या गच्चीवरील लिफ्टच्या खोलींत, पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यांत, गांवच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीशेजारीं अथवा साखर कारखान्याच्या भिंतीलगत एक राखी रंगाचें लोखंडी कपाट उभें असतें. त्याच्या दारावर एक हिरवें व एक तांबडें बटण, दोनतीन दिवे, आणि बहुधा विजेची खूण असलेला पिवळा त्रिकोण असतो. दार कुलुपबंद असतें. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं हें कपाट कितीदां तरी पाहिलें असेल. परंतु त्याच्या आंत काय असतें, तें कोण तयार करितो, आणि तें तयार करणारे हात जगांतील एका अति संपन्न देशांत आज कां मिळेनासे झाले आहेत, हा विचार फार थोड्यांच्या मनांत आला असेल. प्रस्तुत लेखांत या गोष्टीची थोडी फोड करून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कारखान्यांतील लोक या कपाटास पॅनेल म्हणतात. आम्हीही पुढें तोच शब्द वापरणार आहों. कारण "नियंत्रण-मंजूषा" असा एखादा भारदस्त शब्द योजला, तर तो ऐकून खुद्द पॅनेल बनविणाराच बुचकळ्यांत पडावयाचा.

पाण्याच्या पंपाचें साधें उदाहरण घेऊं. पंपाची मोटर सुरू होतांना नेहमींच्या सुमारें पांच ते सात पट प्रवाह ओढते. एवढा प्रवाह बोटाखालच्या लहानशा बटणांतून नेणें धोक्याचें आहे. म्हणून बटण स्वतः मोटर चालवीत नाहीं. तें फक्त हुकूम देतें. बटण दाबतांच एका बारीक तारेच्या वेटोळ्यांतून थोडासा प्रवाह जातो, वेटोळ्याचें लोहचुंबक बनतें, तें लोखंडाचा एक ठोकळा खट्कन ओढून घेतें, आणि त्या ठोकळ्याबरोबर तीन जाड संपर्क मिटून मोटरीस वीज मिळते. या उपकरणास कॉन्टॅक्टर म्हणतात. आतां हिरव्या बटणावरून बोट उचललें तरी पंप चालूच राहतो. हें कसें? कॉन्टॅक्टरला एक लहानसा जादा संपर्क असतो. तोही त्याच क्षणीं मिटतो व बटणाच्या ऐवजीं तोच वेटोळ्यास वीज पुरवूं लागतो. वीज गेली कीं ठोकळा सुटतो, आणि वीज परत आली तरी पंप आपण होऊन सुरू होत नाहीं. कोणीतरी पुन्हां बटण दाबावें लागतें. अंधारांत कोणी पंपाशीं वांकून काम करीत असतांना अकस्मात् वीज आली, तर त्याचे हात वांचविण्याचें श्रेय त्या एका बोटभर तारेला असतें. (आपल्याकडे वीज अवेळीं येत असल्यामुळें कित्येक शेतकरी "ऑटो स्विच" बसवून हीच सोय मोडून टाकतात, ही गोष्ट निराळी.) शिवाय मोटर अडकून तापूं लागली, तर तिच्या वाटेवर बसविलेली दोन धातूंची पट्टी उष्णतेनें वांकते व कॉन्टॅक्टर सोडविते. तिला ओव्हरलोड रिले म्हणतात.

एका पंपाचें एवढें काम दहापंधरा तारांत भागतें. परंतु बाटल्या धुवून, भरून, झांकण लावून, चिठ्ठी डकविणारें यंत्र घेतलें, कीं त्यांत मोटरी अनेक, बाटली आली कीं नाहीं हें पाहणारे विद्युत्-नेत्र अनेक, झडपा अनेक. आणि या सर्वांच्या तारा शेवटीं पॅनेलमध्येंच येऊन मिळतात. मग तारांची संख्या शेंकड्यांनीं मोजावी लागते. मोठ्या यंत्रांत ती हजारांवर जाते.

ही प्रत्येक तार कशी बसते तें पाहण्यासारखें आहे. कारागिरापुढें आराखडा असतो. त्याला तो ड्रॉइंग म्हणतो. आराखड्यांत दोन टोकें दिलेलीं असतात, मधला मार्ग त्यानें स्वतः शोधावयाचा. तो अंतर मापतो, किंचित् ढील ठेवून तार कापतो, दोन्ही टोकांचें आवरण ठराविक लांबीचें सोलतो. सोलतांना आंतील तांब्याचे केस तुटतां कामा नयेत. मग नंबर असलेली लहान नळी, जिला आपल्याकडे फेरूल म्हणतात, ती ओंवतो, तिच्यावर लग बसवून पक्कडीनें दाबतो, तार प्लॅस्टिकच्या खांचेदार चॅनेलमधून नेतो, टर्मिनलमध्यें घालतो, स्क्रू नेमक्या जोरानें आवळतो, आणि शेवटीं ती हलकेच ओढून पाहतो. रंगही वाटेल तो चालत नाहीं. युरोपांत यंत्रांच्या वीजजोडणीचे जे नियम प्रचलित आहेत त्यांप्रमाणें मोटरीकडे जाणाऱ्या मुख्य तारा काळ्या, ए.सी. हुकमी तारा तांबड्या, डी.सी. हुकमी तारा निळ्या, आणि मुख्य स्विच बंद केला तरी ज्यांत वीज उरते अशा तारा नारिंगी असतात. जमिनीशीं जोडलेली तार मात्र हिरवी-पिवळी, आणि तो रंग दुसऱ्या कोणत्याही तारेस द्यावयाचा नाहीं.

शेवटचें तें ओढून पाहणें कोणास क्षुल्लक वाटेल. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करावें. टर्मिनलचा स्क्रू ढिला राहिला, व त्या सांध्याचा अवरोध ओहमचा केवळ विसावा भाग आहे असें समजा. त्यांतून २० अँपियर प्रवाह गेला, तर प्रवाहाचा वर्ग ४००, त्यास एक-विसांशानें गुणलें, कीं २० वॅट उष्णता झाली. लहान सोल्डरिंग आयर्न जवळजवळ एवढ्याच उष्णतेवर कथील वितळवितें. येथें तें आयर्न प्लॅस्टिकच्या पोटांत रात्रंदिवस ठेवल्यासारखें होतें. स्क्रू आणखी ढिला होतो, अवरोध आणखी वाढतो, आणि एके दिवशीं पॅनेलमधून धूर येतो. बाराशें टोकांपैकीं एक टोक ढिलें राहिलें तरी हें घडूं शकतें. म्हणूनच हें काम दिसतें तितकें हमालीचें नाहीं.

आतां वेळाचा हिशेब. एका पॅनेलमध्यें ६०० तारा आहेत, व मापण्यापासून ओढून पाहण्यापर्यंत प्रत्येकीस चार मिनिटें लागतात असें धरलें, तर २,४०० मिनिटें, म्हणजे ४० तास झाले. एका माणसाचा पांच दिवसांचा आठवडा नुसत्या तारांत गेला. पत्रे भोंकणें, उपकरणें बसविणें व तपासणी करणें हीं कामें निराळींच. हा आमचा कागदी हिशेब झाला. पण जर्मनींतील स्टटगार्ट विद्यापीठाच्या एका संस्थेनें या धंद्याची जी पाहणी केली, तींतही पॅनेल बनविण्याच्या एकंदर वेळापैकीं सुमारें निम्मा वेळ तारा जोडण्यांतच खर्च होतो असें दिसून आलें.

आणि याच कामास जर्मनींत माणसें मिळत नाहींत. तेथील कारागीर आळशी झाले काय? तसें मुळींच नाहीं. कारण जन्माच्या नोंदींत सांपडतें. इ. स. १९६४ या एका वर्षांत त्या वेळच्या दोन्ही जर्मनी मिळून सुमारें साडेतेरा लाख मुलें जन्मलीं. २०११ सालीं एकवटलेल्या जर्मनींत जन्मलेल्या मुलांची संख्या सुमारें ६ लाख ६३ हजार होती. म्हणजे निम्म्याहूनही कमी. जर्मनींत १९६४ व त्यापुढें जन्मलेल्यांचें निवृत्तीचें वय ६७ वर्षें ठरलें आहे. त्या वर्षाचीं मुलें २०३१ सालीं सदुसष्टांचीं होतील. ज्यांच्या बोटांना तारांची भाषा येते ते एकामागून एक घरीं चालले आहेत, व त्यांच्या रिकाम्या बांकावर येऊन बसण्यास पुरेशीं मुलें जन्मलींच नाहींत. जीं जन्मलीं त्यांपैकींही पुष्कळांचा ओढा विद्यापीठाकडे आहे. ज्या देशांत उमेदवारीला पिढ्यान् पिढ्या मान होता, त्या देशांतही आईबाप "आमचा मुलगा विद्यापीठांत आहे" हें वाक्य थोड्या मोठ्या आवाजांत बोलतात, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

माणूस नाहीं तर यंत्र आणावें, हें उत्तर सहज सुचतें; पण येथें मोठी अडचण आहे. यंत्रास एकच काम हजारदां करण्याचा छंद असतो. सदऱ्याच्या गुंड्या पाडणारा दाबयंत्र लावतो तें परवडतें, कारण गुंडी गुंडीसारखी असते. पॅनेलचें तसें नाहीं. यंत्र बांधणाऱ्या कारखान्यांत आजचें पॅनेल कालच्यासारखें नसतें, व उद्यांचें आजच्यासारखें नसेल. कित्येक पॅनेलें जगांत एकुलतीं एक असतात. एका वस्तूसाठीं एक यंत्र कसें बांधणार?

म्हणून या धंद्यांत यंत्र येण्यापूर्वीं सारखेपणा यावा लागला, आणि तो हळूहळू, तुकड्यातुकड्यानें आला. १९२३ सालीं एसेन शहरीं ह्यूगो क्न्यूमान यानें एक व्यापारी पेढी काढली. पुढें तीच फिनिक्स काँटॅक्ट या नांवानें प्रसिद्धीस आली. तिनें १९२८ सालीं तेथील वीज कंपनीच्या सहकार्यानें एकमेकांशेजारीं हवीं तितकीं बसवितां येतील अशीं सुटीं टर्मिनलें काढलीं. तोंवर तारा जोडण्याची पट्टी एकसंध असे. एक जागा फुटली कीं सगळी पट्टी गेली. पुढें १९६१ सालीं हेसन प्रांतांतील रिटर्सहाउझेन या खेड्यांत, एका जुन्या विणकामाच्या गिरणीच्या जागेंत, रूडोल्फ लो यानें रिटाल नांवाचा कारखाना काढला. त्याची कल्पना ऐकावयास अगदीं साधी होती: गिऱ्हाईक येईल तसें कपाट न बांधतां ठराविक मापांचीं कपाटें आधींच बांधून कोठारांत ठेवावयाचीं. शिंप्याकडून कपडे शिवून घेण्याऐवजीं तयार कपडे घेण्यासारखेंच तें होतें, आणि शिंप्यांनीं जसें नाक मुरडलें तसें येथेंही कोणी मुरडलें असेल. आज उपकरणें ज्या पट्टीवर चटकन् बसवितात ती डिन रेलही अशीच सगळीकडे ३५ मिलिमीटर रुंद झाली आहे, मग उपकरण कोणत्याही कंपनीचें असो.

सर्वांत मोठी उडी मात्र अमेरिकेंत पडली. मोटारींचें नवें रूप दरवर्षीं निघे, आणि दरवर्षीं कारखान्यांतील रिलेंच्या कपाटांतील तारा उपटून पुन्हां जोडाव्या लागत. या त्रासास कंटाळून जनरल मोटर्सच्या एका विभागानें १९६८ सालीं यावर उपाय मागविला. डिक मॉर्ली व त्याच्या सोबत्यांनीं मॉडिकॉन ०८४ नांवाचें उपकरण तयार केलें व तें १९६९ सालीं त्या कारखान्यांत गेलें. पूर्वीं "हें झालें तर तें करावें" असा जो विचार तारांनीं गुंफावा लागे, तो आतां त्या उपकरणास लिहून देतां येऊं लागला. आज यास पी.एल.सी. म्हणतात. असंख्य रिले व त्यांच्या तारा त्यानें गिळून टाकल्या. तरीही बाहेरच्या मोटरी, झडपा व विद्युत्-नेत्र यांना तार लागतेच. विचार लिहून देतां येतो. प्रवाह लिहून देतां येत नाहीं.

उरलेल्या तारांसाठीं जीं यंत्रें निघालीं त्यांचें खरें मूळ लोखंडांत नसून आराखड्यांत आहे. १९८४ सालीं जर्मनींत एप्लान ही कंपनी निघाली व विजेचे आराखडे संगणकावर काढण्याची साधनें ती पुरवूं लागली. आरंभीं हा केवळ स्वच्छ चित्र काढण्याचा प्रकार होता. पण पुढें संगणकास रेघ नुसती रेघ म्हणून न सांगतां, "ही तार अमक्या कॉन्टॅक्टरच्या अमक्या टोकापासून तमक्या टर्मिनलपर्यंत, अमक्या रंगाची व जाडीची" असें सांगतां येऊं लागलें. मग पॅनेलचें उपकरणांसह त्रिमितीय चित्र संगणकांत उभें करून प्रत्येक तारेचा मार्ग व लांबी आधींच काढतां आली. हें झाल्यावर यंत्रास पॅनेलें एकसारखीं असण्याची गरज उरली नाहीं. तारा कापणारें यंत्र आपली यादी वाचतें: पहिली तार ४१२ मिलिमीटर, निळी, दुसरी ९७० मिलिमीटर, काळी. तें प्रत्येक तार कापतें, सोलतें, लग दाबून बसवितें, नंबर छापतें, व ज्या क्रमानें त्या जोडावयाच्या त्या क्रमानें मांडून ठेवितें. पुढचें पॅनेल सर्वस्वी निराळें असलें तरी यंत्राचें कांहीं अडत नाहीं. त्याला फक्त दुसरी यादी मिळते. दरवाजांत बटणांचीं भोंकें पाडणारें, रेल व चॅनेल मापानें कापणारें, टर्मिनलें ओळीनें बसविणारें, अशींही यंत्रें याच यादीवर चालतात. जोडणी करणाऱ्यासमोर पडदा असतो. त्यावर एकएक तार दिसते, ती कोठून कोठें न्यावयाची तें चित्रांत उजळतें. स्क्रूऐवजीं नुसती ढकलली कीं आंतील स्प्रिंग पकडून ठेवते, अशीं टर्मिनलेंही आतां सर्रास वापरतात. त्यांत आवळण्याचा वेळ वांचतो व ढिलें राहण्याची धास्तीही कमी होते.

मग तार जोडण्याचें कामच यंत्र कां करीत नाहीं? प्रयत्न पुष्कळ झाले आहेत, आणि उघड्या पाटीवर तारा आपोआप जोडणारीं यंत्रेंही निघालीं आहेत. परंतु हातानें होणारी जोडणी त्यांनीं अद्याप हटविलेली नाहीं. कारण तार मऊ आहे. लोखंडी नट यंत्रानें जेथें ठेवला तेथेंच राहतो. तार ठेवली कीं ती आपल्या मनानें वळते, उसळी घेते, शेजारणीखालीं शिरते. तिचें टोक कोठें आहे तें यंत्राला दर वेळीं नव्यानें पाहावें लागतें. आपल्या घरीं आई सुईंत दोरा ओंवते, तेव्हां डोळे, बोटें व ओठ मिळून जें करितात तें यंत्रास शिकविणें किती कठीण आहे, हें त्या विषयांतील मोठमोठे लोक आज अनुभवीत आहेत.

आमच्या मतें मात्र याहूनही अवघड प्रश्न दुसराच आहे. यंत्र आराखड्यावर पूर्ण विश्वास ठेवितें. आराखड्यांत ओव्हरलोडचा संपर्क चुकीच्या जागीं दाखविला असेल, तर त्याच्या तारा तें तितक्याच सुबकपणें कापून देईल. जुना कारागीर असे तर तो पक्कड खालीं ठेवून म्हणे, "साहेब, असें जोडलें तर मोटर तापली तरी थांबणार नाहीं. जरा पुन्हां पाहतां कां?" त्याला हें कोठून समजलें? त्यानें हजारों तारा स्वतः मापल्या, कापल्या, जोडल्या. त्यांतल्या कांहीं चुकल्या, चुकलेल्या शोधल्या. असें करतां करतां आराखडा त्याच्या बोटांत उतरला. आतां तारा कापण्याचें, सोलण्याचें, लग दाबण्याचें जें सोपें काम यंत्रानें घेतलें, तेंच तर उमेदवाराचें पहिलें काम होतें. सोपें काम गेलें; अवघड काम, म्हणजे आराखड्यांतील चूक ओळखणें, बंद पडलेल्या यंत्रांतील दोष शोधणें, आंतल्या आंत पॅनेल किती तापेल याचा अदमास घेणें, हें माणसाकडेच राहिलें. पण अवघडाकडे जाणारा जिना सोप्या पायऱ्यांचा होता, आणि त्या पायऱ्या यंत्र काढून नेत आहे. ज्या कारखानदारांना केवळ आजची अडचण दिसते, त्यांनीं याचा हिशेब कोठें मांडला आहे असें आम्हांस दिसत नाहीं.

आपल्याकडची स्थिति निराळी आहे. पुण्याजवळ भोसरी व चाकण, नाशकास सातपूर व अंबड येथें पॅनेल बनविणारे लहानमोठे पुष्कळ कारखाने आहेत. तेथें तरुण मुलें आहेत, मजुरी जर्मनीपेक्षां पुष्कळ कमी आहे, आणि तारा कापणारें परदेशी यंत्र फार महाग पडतें. म्हणून हातानें काम करणेंच कित्येकांस परवडतें. जर्मनींत यंत्र रिकाम्या खुर्चीवर येऊन बसतें. येथें तें बसलेल्या माणसास उठविणार नाहीं, असें कोणी छातीठोकपणें सांगूं नये. उलट, तिकडची रिकामी खुर्ची इकडच्या तरुणांस हांक मारूं लागली आहे, हेंही खरें. जर्मनीनें परदेशी कुशल कामगारांसाठीं नवा कायदा केला तो १ मार्च २०२० पासून अमलांत आला. आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनाचा बाडेन-वुर्टेंबर्ग या जर्मन राज्याशीं कुशल मनुष्यबळाविषयीं करार झाला. वर ज्या स्टटगार्टच्या पाहणीचा उल्लेख केला, तें शहर याच राज्याची राजधानी होय. ज्या धंद्यांसाठीं माणसें हवीं होतीं त्यांत इलेक्ट्रिशियनही होता.

येथें पालकांशीं दोन शब्द बोलल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. आय.टी.आय.मध्यें वायरमन व इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. मुलगा अथवा मुलगी तेथें गेली, तर घरांत तें बहुधा "काय करणार, टक्के कमी पडले" अशा सुरांत सांगितलें जातें. परीक्षेंत मागें पडलेल्यांचें स्थान म्हणून ज्या विद्येकडे आपण पाहतों, तिच्याचसाठीं एक परकें सरकार आपल्या सरकाराशीं करार करितें. अर्थात् तेथें जावयाचें तर जर्मन भाषा शिकावी लागते, व आपलें प्रमाणपत्र तेथें किती ग्राह्य आहे हें आधीं तपासून घ्यावें लागतें. दलालाच्या तोंडी भरंवशावर कोणी पैसे मोजूं नयेत.

जर्मनींत कारखान्यांतील वीजकामाची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते. उमेदवार कांहीं काळ कारखान्यांत काम करितो व कांहीं काळ धंदेशिक्षणाच्या शाळेंत शिकतो. परीक्षा दोन भागांत होते, व पहिला भाग उमेदवारीच्या सुमारें मध्यावर येतो. त्या वेळीं त्याच्यापुढें एक आराखडा व कांहीं सुटीं उपकरणें ठेवितात. त्यानें तीं पाटीवर बसवावयाचीं, तारा स्वतः मापून जोडावयाच्या, वीज देण्यापूर्वीं सर्व मोजून कागदावर नोंदवावयाचें, आणि परीक्षक विचारतील त्याचीं उत्तरें द्यावयाचीं. पुढें तो ज्या कारखान्यांत जाईल तेथें तारा कापणारें यंत्र असो वा नसो, त्या दिवशीं त्याच्याजवळ पक्कड, स्क्रूड्रायव्हर व मीटर अशीं हातांतलींच हत्यारें असतात.